संबळ, डुडुक आणि बेस गिटार: लोकगीत आणि मॉडर्न म्युझिक एका स्टेजवर जुळतं कसं?

ज्यांना एपिसोड ऐकायला वेळ मिळाला नाही, किंवा जे एसटीत बसलेत आणि इयरफोन घरी राहिलाय, त्यांच्यासाठी हा लेखी एपिसोड. बोलताना येणारं "हां तर", "म्हणजे बगा" तेवढं कमी केलंय. बाकी मजकूर तोच.

आजचा विषय आहे लाइव्ह कॉन्सर्टमधलं फ्युजन. एका बाजूला गावाकडचं गाणं, दुसऱ्या बाजूला ड्रम किट, बेस गिटार, कीबोर्ड. कधी असा मेळ बसतो की अंगावर काटा येतो. कधी नुसता कालवा होतो. हा फरक कशामुळे पडतो? "फील आला पाहिजे" एवढ्यावर माझं समाधान होत नाही. मी इंजिनिअर माणूस, यंत्र उघडून आत बघायची सवय. आज तेच करू. आणि शेवटी एका अवघड प्रश्नाकडे येऊ: या सगळ्यात संबळ वाजवणाऱ्या माणसाला काय मिळतं?

सुरुवात लांबून: आर्मेनिया

तुम्ही म्हणाल, मुरुडचा पोरगा आर्मेनियाचं काय सांगतोय? पण लोकसंगीत आणि मॉडर्न म्युझिक यांचं मिश्रण समजून घ्यायला हा छोटा देश लई कामाचा आहे. लोकसंख्या साधारण तीस लाख, पण संगीत जगभर पोचलेलं.

त्यांचं एक वाद्य आहे, डुडुक. जर्दाळूच्या लाकडाची नळी आणि तोंडाला वेताची रुंद दुहेरी जिभली. आपल्या सनईलाही दुहेरी जिभली असते, पण सनई मांडवभर घुमते आणि डुडुक कानाशी येऊन बोलल्यासारखं वाजतं. पारंपरिक पद्धतीत डुडुक वाजवणारे दोघं असतात. एक जण धून वाजवतो. दुसरा एकच सूर न तोडता धरून ठेवतो. गालात हवा साठवून, वाजवता वाजवताच नाकाने श्वास घेत. या धरलेल्या सुराला ते 'दाम' म्हणतात.

आता आपला गोंधळ आठवा. नाईक आख्यान सांगतोय, एक जण संबळ वाजवतोय आणि बाजूला एक जण तुणतुणं छेडतोय. तुणतुण्याला तार एकच. तो तोच सूर तासन् तास देत राहतो. घरात कुणी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बोललं की आपण म्हणतो "तुझं आपलं एकच तुणतुणं". पण तो एकच सूर नसेल तर गाणाऱ्याला उभं राहायला जमीनच नाही. आर्मेनियातला दाम आणि मराठवाड्यातलं तुणतुणं यांचं काम एकच.

जिवान गास्पारियान (१९२८–२०२१) हे डुडुकचे मोठे वादक. २००० साली आलेल्या 'ग्लॅडिएटर' सिनेमाच्या संगीतात त्यांचं डुडुक आहे. म्हणजे तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी हे वाद्य नाव माहीत नसताना ऐकलेलं आहे. दुसरं नाव तिग्रान हमास्यान, १९८७ चा जन्म, गाव ग्युमरी. हा पियानो वाजवतो आणि आर्मेनियन लोकधुना, जॅझ आणि मेटलसारखा जड ठेका एकाच गाण्यात आणतो. आणि सिस्टिम ऑफ अ डाउन हा मेटल बँड तर तुमच्या प्लेलिस्टमध्ये असेलच. लॉस एंजेलिसचा बँड, पण चारही जण आर्मेनियन वंशाचे.

या सगळ्यांच्या मागे एक माणूस उभा आहे, कोमितास (१८६९–१९३५). चर्चमधला पाद्री, बर्लिनला जाऊन संगीत शिकलेला. गावोगाव फिरून त्याने शेतकऱ्यांची हजारो गाणी ऐकून लिहून काढली. १९१५ साली ऑटोमन राज्यात आर्मेनियन लोकांचा नरसंहार सुरू झाला, तेव्हा कोमितासलाही पकडून नेलं. तो जिवंत सुटला, पण मनाने कायमचा मोडला आणि पॅरिसमध्ये वारला. त्याच्या कामाचा मोठा भाग हरवला. पण जे कागद उरले त्यांच्यामुळे ती गाणी उरली, कारण ज्या गावांत ती गायली जायची त्यातली कितीतरी गावंच संपली होती. आज तिग्रान स्टेजवर जे वाजवतो त्याचा पाया त्या वह्यांमध्ये आहे. २०१५ मध्ये, नरसंहाराला शंभर वर्षं झाली त्या साली, त्याने येरेवानच्या गायकवृंदासोबत जुन्या आर्मेनियन धर्मसंगीताचा एक अल्बमही केला. त्यात कोमितासचं संगीतही आहे.

आणि एक गंमत. आर्मेनियाचा धागा आपल्याकडेही आहे. मुंबईच्या फोर्टमध्ये आर्मेनियन व्यापाऱ्यांनी बांधलेलं चर्च आहे. आणि १९०२ साली कलकत्त्यात भारतातली पहिली ग्रामोफोन रेकॉर्डिंग झाली, त्यातली सगळ्यात गाजलेली गायिका गौहर जान. तिचे वडील आर्मेनियन वंशाचे होते. तेव्हा एका तबकडीत जेमतेम तीन मिनिटं मावायची, म्हणून तासभराची चीज तिने तीन मिनिटांत बसवली. टेक्नॉलॉजी आली की संगीताला आकार बदलावा लागतो. ही गोष्ट रील्सच्या आधी शंभर वर्षांपासून चालू आहे.

आपल्याकडे काय काय झालंय

मराठीत हे मिश्रण कालपरवाचं नाही. १९७८ मध्ये पुण्याच्या थिएटर अकॅडमीने पु. ल. देशपांड्यांचं 'तीन पैशाचा तमाशा' स्टेजवर आणलं. दिग्दर्शक जब्बार पटेल. त्यात लावणी, नाट्यसंगीत आणि नंदू भेंडेंचं पाश्चात्त्य रॉक ढंगाचं गाणं एकाच नाटकात होतं.

मग अजय-अतुल. 'अगं बाई अरेच्चा!' (२००४) मधलं 'मल्हारवारी' आजही लग्नाच्या वरातीत वाजतं. 'जोगवा'साठी त्यांना संगीताचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. आणि 'सैराट'साठी (२०१६) लॉस एंजेलिसला जाऊन तिथल्या सिंफनी ऑर्केस्ट्राकडून रेकॉर्डिंग करून घेतलं. आज अभंग रीपोस्टसारखा मुंबईचा बँड तुकोबांचे, नामदेवांचे अभंग रॉक आणि रेगेच्या अंगाने वाजवतो आणि कॉलेजची पोरं उभ्या उभ्या म्हणतात. 'फोक आख्यान'सारख्या शोला तरुण पोरं तिकीट काढून गोंधळ, भारूड ऐकतात. दहा वर्षांपूर्वी हे कुणी सांगितलं असतं तर मीच हसलो असतो.

आता यंत्र उघडू. तीन पुर्जे आहेत: सूर, ताल आणि साउंड.

पहिला पुर्जा: सूर

कीबोर्डवर सा ते वरचा सा हे अंतर बारा सारख्या भागांत वाटलेलं असतं. संगीतात ते अंतर १२०० 'सेंट' धरतात, म्हणजे प्रत्येक पट्टी १०० सेंटची. हिशोब सोपा आणि व्यवहाराला बरा. पण निसर्गात सूर असे सारखे वाटलेले नसतात. तानपुऱ्याच्या घुमण्यातून जो शुद्ध गंधार आपोआप ऐकू येतो तो ३८६ सेंटवर आहे. कीबोर्डचा गंधार ४०० वर. चौदा सेंटचा फरक. आकड्यात किरकोळ, पण गळा एका जागी आणि कीबोर्ड दुसऱ्या जागी असं झालं की काहीतरी खुपतं. काय खुपतंय ते सांगता येत नाही, पण खुपतं.

पंचमाचं मात्र वेगळं आहे. निसर्गातला पंचम ७०२ सेंट, कीबोर्डचा ७००. जवळजवळ एकच.

यातूनच एक मोठं कोडं सुटतं. लोकगीत आणि मेटल यांचं इतकं चांगलं का जमतं? मेटलमध्ये गिटारवाले जी 'पॉवर कॉर्ड' वाजवतात तिच्यात फक्त सा आणि प असतात. गंधार नसतोच. म्हणजे जो सूर भांडण लावतो तोच काढून टाकलेला. आणि सा-प म्हणजे काय? आपल्या तानपुऱ्याच्या तारा! डिस्टॉर्शन लावलेली गिटार म्हणजे रागावलेला तानपुरा समजा. वर गोंधळी गातोय, खाली सा-प घुमतोय, गाण्याला पूर्ण मोकळीक.

उलट जिथे कीबोर्डवाला दर ओळीला तीन-चार कॉर्ड बदलतो, तिथे गाणं कोंडतं. कारण लोकगीत एका सुराला धरून फिरतं. त्याला घर एकच असतं. कॉर्ड बदलली की खालची जमीन सरकते. म्हणून जाणकार बँड अशा वेळी बेस गिटारला सांगतात, "तू सा सोडू नको." म्हणजे बेस गिटार तुणतुणं होते. आर्मेनियाच्या भाषेत, दाम धरते.

अजून एक भांडण पट्टीचं. गिटारवाल्याला पांढरी तीन, पांढरी सहा सोयीची, कारण तिथे मोकळ्या तारा मिळतात. आपला लोकगायक गातो उंच पट्टीत. का? कारण ही गाणी उघड्यावर, माइकशिवाय, शेवटच्या माणसाला ऐकू जावीत म्हणून तयार झाली. गिटारच्या सोयीसाठी गायकाला खाली उतरवलं की सूर बरोबर येतो पण पुकार जाते. आणि गोंधळातली पुकार गेली तर उरलं काय? उपाय साधा आहे: गिटारवाल्याने कॅपो लावावा. गळ्याला कॅपो लावता येत नाही.

दुसरा पुर्जा: ताल

आजकाल बहुतेक मोठ्या कॉन्सर्टमध्ये ड्रमरच्या कानात 'क्लिक' असते. टक, टक, टक. मिनिटाला शंभर म्हणजे शंभर. लाइट, व्हिडिओ, आधी रेकॉर्ड केलेले तुकडे, सगळं त्या क्लिकवर बांधलेलं.

आता जागरण-गोंधळ किंवा भजन आठवा. सुरुवात संथ. मग लय हळूहळू चढते. शेवटी टाळ, संबळ, टाळ्या, सगळं एकदम उसळतं. ही चढती लय म्हणजे चूक नाही, तोच या संगीताचा प्राण आहे. अंगात येतं ते त्या चढण्यामुळे. क्लिक लावली की चढण बंद.

मग बँड काय करतात? तीन रस्ते आहेत. एक, क्लिक बंद करायची आणि ड्रमरने संबळवाल्याकडे बघून वाजवायचं. सगळ्यात जिवंत, सगळ्यात धोक्याचं. दोन, क्लिकलाच चढायला शिकवायचं. सॉफ्टवेअरमध्ये आधीच लिहून ठेवायचं की अमुक ओळीपासून १०० चे १३० होतील. सुरक्षित, पण त्या दिवशी पब्लिक कितीही पेटलं तरी गाणं ठरल्यापेक्षा जास्त पेटत नाही. तीन, गाणं क्लिकवर आणि शेवटचा भाग मोकळा. माझं मत तिसऱ्याला.

मात्रांचा हिशोब मात्र आपल्या बाजूचा आहे. भजनी ठेका आठ मात्रांचा, रॉक आणि रेगे चार-चारचे. आठात चार सहज बसतात. रेगेमध्ये गिटार ठोक्यावर न वाजता दोन ठोक्यांच्या मधे वाजते, त्यामुळे ठोक्याची जागा मृदंग-टाळाला रिकामी मिळते. म्हणून अभंग आणि रेगे भांडत नाहीत.

आर्मेनियन संगीतात पाच, सात, दहा मात्रांचे ठेके येतात. पाश्चात्त्य रॉकवाल्यांना ते वाकडे वाटतात. आपल्याला वाटायचं कारण नाही. सात म्हणजे रूपक, दहा म्हणजे झपताल. तिग्रानचं एखादं गाणं लावा आणि टाळी धरून बघा. पहिल्यांदा चुकेल, तिसऱ्यांदा सापडेल.

तिसरा पुर्जा: साउंड

सूर-ताल जमलं तरी स्टेजवर घोळ होतो तो इथे. संबळ म्हणजे दोन वाद्यं: एक लहान, कडक आवाजाचं आणि एक मोठं, घुमणारं. एकाच माइकमध्ये दोन्ही धरली की कडक आवाज घुमणाऱ्याला खाऊन टाकतो. दोघांना वेगळे माइक हवेत. तुणतुणं त्याच्या उलट, आवाजाने गरीब. त्याचा माइक वाढवला की पोकळ भांडं आणि खालचं कातडं बेसच्या आवाजाने स्वतःच थरथरायला लागतं आणि ती कान फाडणारी शिट्टी येते. म्हणून तुणतुणेवाल्याला बेसच्या स्पीकरपासून लांब उभं करावं लागतं.

कातड्याच्या वाद्यांचं अजून एक. हवा दमट झाली की कातडं सैल पडतं, आवाज उतरतो. हलगीवाले शेकोटीवर हलगी तापवतात ती याचसाठी. एसी हॉलमध्ये शेकोटी कुठून आणणार? दोन गाण्यांमध्ये वाद्य तपासायला दोन मिनिटं दिली तरी भागतं. पण ही दोन मिनिटं कार्यक्रमात धरायला संबळवाला मीटिंगमध्ये असावा लागतो. तो बहुतेक वेळा नसतो.

आणि तुमच्यासाठी एक सूचना. फोनच्या स्पीकरमधून साधारण २०० हर्ट्झच्या खालचं फार कमी बाहेर येतं. म्हणजे संबळाचा घुमारा आणि बेस गिटार, दोन्ही गायब. जे ऐकून तुम्ही "काही खास नाही" म्हणून पुढे स्वाइप करता, ते अर्धंच गाणं असतं. साधा वायरचा इयरफोन लावा आणि पुन्हा ऐका.

आता अवघड प्रश्न: नाव कुणाचं?

काही वर्षांपूर्वी एका कॉलेज फेस्टला फ्युजन बँड बघितला. नाव सांगत नाही. पोस्टरवर बँडच्या पाचही पोरांची नावं, फोटो, इन्स्टा हँडल. खाली बारीक अक्षरात: "सोबत पारंपरिक वादक". त्या रात्री सगळ्यात जास्त टाळ्या ज्या तुकड्याला पडल्या तो संबळाचा होता. वाजवणाऱ्याचं नाव मला आजही माहीत नाही. कार्यक्रमानंतर त्याला विचारायला गेलो तर तो टेम्पोत सामान चढवून निघूनही गेला होता.

ही एका बँडची गोष्ट नाही. आपल्या मनातच एक हिशोब बसलाय: गिटार वाजवणारा 'आर्टिस्ट' आणि संबळ वाजवणारा 'पारंपरिक'. जणू परंपरा स्वतःच येऊन वाजवून जाते, तिला पोटपाणी नाही. पण परभणीच्या राजारामबापू कदमांसारख्या गोंधळ्यांनी ही आख्यानं पाठ केली, पुढे नेली. छत्रपती संभाजीनगरच्या कडूबाई खरात एका साध्या एकतारीवर भीमगीतं गातात आणि लाखो लोक ती फोनवर ऐकतात. परंपरेला चेहरा असतो, गाव असतं, आडनाव असतं.

कायदा काय म्हणतो ते थोडक्यात. पारंपरिक गाण्यावर कुणाची मालकी नाही, ते कुणीही गाऊ शकतं. पण ते गाणाऱ्या-वाजवणाऱ्याच्या *सादरीकरणावर* त्याचा हक्क असतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात हा हक्क आहे आणि तो ५० वर्षं टिकतो. २०१२ च्या दुरुस्तीने आणखी दोन गोष्टी आल्या: रेकॉर्डिंगचा व्यावसायिक वापर झाला तर रॉयल्टीत वाटा, आणि सादरीकरणाला आपलं नाव लावलं जाण्याचा हक्क. म्हणजे पोस्टरवरचं नाव हा फक्त मोठ्या मनाचा विषय नाही.

अडचण अशी की गोंधळी कलाकाराशी व्यवहार होतो तोंडी. एका रात्रीची बिदागी ठरते, रोख मिळते, संपलं. तोच व्हिडिओ पुढे वर्षानुवर्षं चालतो. त्यातून जे येईल ते ज्याचं चॅनल त्याचं. उपायाला वकीलच लागतो असं नाही. एका पानावर मराठीत लिहा: नाव, गाव, वाद्य, आजची बिदागी, रेकॉर्डिंग कुठे वापरणार, पैसे आले तर वाटा किती. दोघांच्या सह्या, दोघांकडे एकेक प्रत.

यात आपल्या भागाचा संबंध थेट आहे. तुळजापूर इथून जवळ, माहूर नांदेड जिल्ह्यात, खंडोबाची माळेगाव यात्रा लोहा तालुक्यात. गोंधळी, वाघ्या-मुरळी, पोतराज, ही सगळी मंडळी आपल्या दारात येणारी. पण त्यांच्या घरातला पोरगा आज विचारतो, "संबळ शिकून मी काय करू?" त्याला भाषण देऊन उपयोग नाही. कॉन्सर्टच्या पोस्टरवर त्याच्या काकाचं नाव आणि खात्यात त्याच्या काकाचे पैसे, हे त्याचं उत्तर आहे. ते मिळालं नाही तर वीस वर्षांनी फ्युजन करायला फक्त सॅम्पल उरतील, वाजवणारा उरणार नाही.

कोमितास आठवा. त्याच्या वह्या उरल्या म्हणून गाणी उरली. आपल्याकडेही असं काम झालंय. हेमा राईरकर आणि गी पॉयटेव्हिन यांनी सहकाऱ्यांसोबत महाराष्ट्रातल्या हजाराहून जास्त गावांतून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. २०१७ पासून 'पारी' या संकेतस्थळावर त्या येतायत. प्रत्येक ओवीसोबत गाणाऱ्या बाईचं नाव आणि गाव. हा नियम मला फार आवडतो. एक लाख ओव्यांना नाव लावता येतं, तर एका संबळाला का नाही?

पुढच्या कॉन्सर्टला जाल तेव्हा

चार गोष्टी बघा. बेस गिटार सा धरून राहते का? शेवटी लय चढते का? संबळाचा घुमारा मागच्या रांगेत ऐकू येतो का? आणि लोककलाकाराची ओळख नाव घेऊन करून देतात का? चारही उत्तरं 'हो' असतील तर तो बँड लोकगीताचा पाहुणचार घेऊन परतफेडही करतोय. चौथं उत्तर 'नाही' असेल तर कार्यक्रम संपल्यावर आयोजकांना विचारा, "संबळ कोण वाजवत होतं?" नम्रपणे विचारा, पण विचाराच. पाच जणांनी विचारलं तर सहाव्या पोस्टरवर नाव येतं.

आणि तुमच्या घरच्या जागरण-गोंधळाचा व्हिडिओ टाकणार असाल तर आधी त्यांना विचारा. हो म्हणाले तर कॅप्शनमध्ये तीन शब्द जास्त लिहा: नाव, गाव, वाद्य. टाइप करायला दहा सेकंद लागतात.

पुढच्या एपिसोडमध्ये हलगीबद्दल बोलू. तुमच्या गावात चांगली हलगी वाजवणारं कुणी असेल, आणि त्यांची बोलायची तयारी असेल, तर कळवा. तोपर्यंत इयरफोन शोधून ठेवा. भेटू.